पाणीपट्टीचा फॉर्म: मराठी स्क्रीनवरच्या बारीकसारीक गोष्टी

पाणीपट्टी भरण्याचा एक साधा फॉर्म डोळ्यांसमोर आणा. ग्राहक क्रमांक, नाव, मोबाइल नंबर, पिन कोड, रक्कम, खाली एक बटण, मग ओटीपी आणि शेवटी पावती. फॉर्म भरणारी व्यक्ती बसथांब्यावर उन्हात उभी आहे, फोन साधा आहे, काचेला तडा गेलाय आणि नेटवर्क येऊन-जाऊन आहे. असा फॉर्म करायला नव्याने शिकत असाल तर रंगसंगतीच्या आधी पुढच्या गोष्टी हाताखालून घाला. एकेक गोष्ट फार तर अर्ध्या तासाची आहे. बहुतेक चुकांचे मूळ एकच असते: स्क्रीन इंग्रजी मजकुरावर बेतलेली असते आणि मराठी शेवटच्या आठवड्यात तिच्यात ओतली जाते. म्हणून मराठी मजकूर पहिल्याच दिवशी स्क्रीनवर ठेवा.

१. आधी नमुन्याचे शब्द

डिझाइन करताना 'नाव', 'गाव', 'रक्कम' असे गुळगुळीत शब्द टाकले तर सगळे छान दिसते आणि दोष लपून राहतात. त्याऐवजी मुद्दाम अवघड शब्दांची एक ओळ करून ठेवा आणि प्रत्येक रकान्यात, बटणावर, शीर्षकात ती चिकटवून पाहा:

मूर्तींची, कर्तृत्व, विठ्ठल, वाङ्मय, हृदय, कऱ्हाड, दऱ्या, ॲप, ऑक्टोबर, श्रीकृष्ण, ज्ञानेश्वर, ₹ १,२५,०००

यातला प्रत्येक शब्द एकेका कारणासाठी आहे. 'मूर्तींची'मध्ये एकाच अक्षराच्या डोक्यावर रफार, वेलांटी आणि अनुस्वार असे तिघे बसतात. वरची जागा कमी पडत असेल तर तिथेच कळते. 'कर्तृत्व'मध्ये वर रफार आणि खाली ऋकार आहे. 'विठ्ठल'मधला ठ्ठ बऱ्याच फॉन्टांत एकाखाली एक उतरतो. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये (जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारे मानक) २००८ साली आले, त्यामुळे जुन्या फॉन्टात त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो.

२. ओळीची उंची आणि फॉन्ट

इंग्रजी मजकुराला लाइन-हाइट १.४ किंवा १.५ पुरते. देवनागरीला परिच्छेदासाठी १.६ ते १.७ ठेवा, मोठ्या शीर्षकाला १.३५ ते १.४. अक्षराचा आकारही एक-दोन पिक्सेलने वाढवा: इंग्रजी १६ पिक्सेल असेल तर मराठी १७ किंवा १८. शिरोरेघेखालच्या भागात इतके तपशील कोंबलेले असतात की त्याच आकारात 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' गुंतायला लागतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जाणे. बटणाला ठरावीक उंची, लाइन-हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचा भाग लपवणे) हे तिघे एकत्र आले की 'पाणीपट्टी'ची वेलांटी सपाट होते. उपाय: हाइटऐवजी मिन-हाइट (किमान उंची) द्या, वर-खाली १० ते १२ पिक्सेल पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) द्या आणि लाइन-हाइट कधीही १.३च्या खाली नेऊ नका.

लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधले अंतर) शून्यच ठेवा. इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या लेबलांना ०.०५ एम (अक्षराच्या आकाराच्या पाच टक्के) अंतर देण्याची पद्धत आहे. तोच नियम मराठीला लागला की शिरोरेघ अक्षरागणिक तुटते आणि शब्द कात्रीने कापल्यासारखा दिसतो. तिरप्या अक्षरांचेही तसेच. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरा इटॅलिक नसतो, ब्राउझर सरळ अक्षरे नुसती कलती करतो. भर द्यायचा असेल तर ठळक करा.

पानाच्या मुळाशी लँग ॲट्रिब्यूटमध्ये (पानाची भाषा सांगणारी नोंद) मराठीचा संकेत 'एमआर' लिहायला विसरू नका. हिंदीचा 'एचआय' राहिला तर ज्या फॉन्टात दोन्ही भाषांची वळणे आहेत तिथे ल आणि श हिंदी वळणाचे येतात. शिवाय स्क्रीन वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मराठी मजकूर हिंदी उच्चारांनी वाचू लागते. एका ओळीचे काम आहे, पण कितीतरी ठिकाणी राहून गेलेले असते.

फॉन्टची फाइल हलकी करण्यासाठी लागतील तेवढीच अक्षरे ठेवणार असाल तर ऱ, ळ, ॲ, ऑ, ₹ आणि अदृश्य असलेला 'झिरो विड्थ जॉइनर' (अक्षरे कशी जोडायची ते सांगणारे चिन्ह) हे हमखास ठेवा. तो शेवटचा का, ते पुढच्याच पायरीत.

३. नावाचा रकाना

इथे थोडे थांबू, कारण मराठी माणसाला त्याचेच नाव 'चुकीचे' आहे असे सांगणारे फॉर्म अजूनही तयार होत आहेत.

पहिले कारण तपासणीचा नियम. 'नावात फक्त अक्षरे चालतील' असा नियम डेव्हलपर लिहितो आणि युनिकोडमधला 'लेटर' हा वर्ग वापरतो. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त हे त्या वर्गात नाहीत. ते 'मार्क' या वर्गात आहेत. त्यामुळे 'कमल' पास होते आणि 'सुनीता' नापास. नियमात लेटर, मार्क, जागा, टिंब आणि झिरो विड्थ जॉइनर एवढे सगळे घ्या. खरे तर नावावर नियम नसलेलाच बरा. रिकामे नाही एवढे पाहिले की पुरे.

दुसरे कारण अदृश्य चिन्हांची 'सफाई'. 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर देऊन. सर्व्हरवर कोणी 'अदृश्य चिन्हे काढून टाका' असे लिहिले की दुसऱ्या प्रकारातला जॉइनर उडतो आणि ऱ्यचा र्य होतो. मग दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना पाठवलेली सूचना आचार्यांना जाते. सफाई करायची असेल तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोकळ्या जागांपुरती करा.

याला लागूनच शोधाचा प्रश्न येतो. 'ॲ' कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी अ वर अर्धचंद्र देऊन. दिसायला दोन्ही सारखे, पण युनिकोडचे नेहमीचे सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही. शोधासाठी डेटाबेसमध्ये वेगळा स्तंभ ठेवा, त्यात दोन्ही रूपे एकाच रूपात बदलून साठवा आणि मूळ नाव आहे तसे जपा.

तिसरे कारण लांबी. 'ज्ञानेश्वर' बोलायला चार अक्षरे: ज्ञा, ने, श्व, र. संगणकाला ती दहा वाटतात, कारण हलन्त, काना आणि मात्रा वेगवेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याची नेहमीची पद्धत) साठवताना तर तीस बाइट लागतात. म्हणजे मॅक्सलेंग्थ (कमाल लांबी) २० ठेवलेल्या रकान्यात 'ज्ञानेश्वर' लिहून झाल्यावर वडिलांच्या नावाला आणि आडनावाला मिळून दहाच उरतात. पूर्ण नावासाठी किमान १०० ठेवा आणि डेटाबेसचा स्तंभ बाइटांत मोजतो की अक्षरांत, ते आधी पाहा. एसएमएसलाही हाच हिशोब लागू आहे. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे मावतात, मराठीत ७०, आणि संदेश लांबून जोडावा लागला तर प्रत्येक तुकड्यात ६७च.

नावाच्या पहिल्या अक्षराचे गोल चिन्ह दाखवायचे असेल तर 'श्रीकांत'मधून नुसता 'श' उचलला जातो. हवा असतो 'श्री'. जावास्क्रिप्टमधला इंटल सेगमेंटर (मजकूर दिसणाऱ्या अक्षरांत तोडणारी सोय) वापरा. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आहे. जुन्या फोनवर हलन्तासह अर्धा 'श्' मिळेल. तिथे तुकडा हलन्ताने संपत असेल तर पुढचा तुकडा जोडून घ्या.

चौथी गोष्ट टाइप करतानाची. इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारा कीबोर्ड शब्द पूर्ण होईपर्यंत तो कच्चा धरून ठेवतो. त्या अवस्थेत तुमच्या कोडने रकान्यातला मजकूर बदलला तर अक्षरे दुप्पट होतात किंवा गायब होतात. ही जुळणी, म्हणजे कंपोझिशन, संपल्याची सूचना येईपर्यंत हात लावू नका. एरर दाखवायची ती वापरणारा रकाना सोडून पुढे गेल्यावर. पहिल्या अक्षरालाच लाल रंग दिसला की माणूस बिचकतो.

४. आकड्यांचे रकाने

मोबाइल नंबर, पिन कोड आणि ओटीपी यांना 'नंबर' प्रकारचा इनपुट देऊ नका. या गोष्टी दिसतात आकडे, पण त्यांची कोणी बेरीज करत नाही. नंबर प्रकारात काही ब्राउझरांत माउसचे चाक फिरवले की किंमत बदलते, मराठी आकडे स्वीकारले जात नाहीत आणि पुढे संख्या म्हणून साठवले की ओटीपीच्या सुरुवातीचे शून्य गळते. साधा टेक्स्ट इनपुट घ्या आणि इनपुटमोड 'न्यूमेरिक' द्या. कीपॅड आकड्यांचाच उघडतो, बाकीचे त्रास टळतात. रक्कम पैशांसह लिहायची असेल तर 'डेसिमल'.

रकान्यातल्या अक्षरांचा आकार १६ पिक्सेलच्या खाली नसावा. आयफोनवरच्या सफारीत त्याहून लहान अक्षरांच्या रकान्यावर बोट ठेवले की पूर्ण पान मोठे होते आणि अर्धा फॉर्म कडेला जातो.

मराठी आकडे टाइप झाले तर ते नाकारू नका, साठवताना बदलून घ्या. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर नमुन्याशी ताडून पाहण्याच्या भाषेतला) आकड्यांचा संक्षेप फक्त इंग्रजी आकडे ओळखतो, पायथन ३ मधला मराठीही ओळखतो. त्यामुळे समोरच्या बाजूला 'नापास' आणि सर्व्हरवर 'पास' असा विचित्र प्रकार होऊ शकतो. बदलण्याचे काम एकाच ठिकाणी, तपासणीच्या आधी करा.

एकाच रकान्यात दोन्ही प्रकारचे आकडे मिसळून दाखवणे मात्र धोक्याचे. मराठी एक घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, मराठी चार इंग्रजी आठासारखा. आमचे मत असे: कागदी बिलावर ग्राहक क्रमांक ज्या आकड्यांत छापला आहे त्याच आकड्यांत स्क्रीनवर दाखवा, म्हणजे माणसाला बोट ठेवून पडताळता येते. वाक्यांतले आकडे, तारखा आणि रकमा मराठीत.

मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. पण लोक तो '+९१' लावून, आधी शून्य लावून, मध्ये जागा सोडून, संपर्कयादीतून कॉपी करून आणतात. हे सगळे स्वीकारा, जागा आणि आडव्या रेघा काढा, शेवटचे दहा आकडे घ्या. पिन कोड सहा आकडी, पहिला आकडा कधीच शून्य नसतो. अनामत रकमेच्या परताव्यासाठी आयएफएससी (बँकेच्या शाखेचा संकेत) मागत असाल तर तो अकरा चिन्हांचा असतो आणि पाचवे चिन्ह नेहमी शून्य. तिथे कोणी इंग्रजी 'ओ' लिहिला तर एरर कशाला? तुम्हीच शून्य करा आणि बँकेचे व शाखेचे नाव खाली दाखवा.

ओटीपीसाठी सहा वेगळे चौकोन करायची फॅशन आहे. ती टाळा. चिकटवलेला ओटीपी पहिल्याच चौकोनात अडकतो, मागे जाऊन एक आकडा खोडणे जिकिरीचे होते आणि स्क्रीन वाचणारे सॉफ्टवेअर सहा वेळा 'रकाना' म्हणते. एकच रकाना ठेवा, ऑटोकम्प्लीटमध्ये 'वन-टाइम-कोड' लिहा, आकड्यांमध्ये थोडे अंतर द्या. इथे लेटर-स्पेसिंग चालते, कारण आकड्यांना शिरोरेघ नाही.

५. रक्कम आणि तारीख

जावास्क्रिप्टमधल्या इंटल नंबरफॉरमॅटला 'एमआर-आयएन' (मराठी-भारत) हा संकेत दिला की १२,३४,५६७ असे लाखांचे गट आणि मराठी आकडे दोन्ही मिळतात. हाताने स्वल्पविराम लावायच्या फंदात पडू नका. कोटीवर गेल्यावर चुकते. ₹ आणि आकडा यांच्यामध्ये न तुटणारी जागा वापरा, नाहीतर ₹ ओळीच्या शेवटी आणि ४५० पुढच्या ओळीत जातो. यादीतल्या रकमा उजवीकडे सरळ रेषेत लावा आणि फॉन्टात सोय असेल तर सारख्या रुंदीचे आकडे, म्हणजे टॅब्युलर-नम्स, चालू करा. सोय आहे का, हे '१११' आणि '८८८' एकाखाली एक लिहून लगेच कळते.

तारीख '३/४' अशी न लिहिता '३ एप्रिल २०२५' अशी लिहा.

६. जोडून केलेली वाक्ये

कोडमध्ये वाक्याचे तुकडे जोडण्याची सवय इंग्रजीत खपते, मराठीत उघडी पडते. गावाचे नाव घेऊन त्याला 'मध्ये' जोडले की 'पुणेमध्ये' आणि 'ठाणेमध्ये' तयार होते. आपण म्हणतो पुण्यात, ठाण्यात, सोलापुरात, सांगलीत. प्रत्येक गावाचे सामान्यरूप साठवण्यापेक्षा वाक्य फिरवा: 'गाव: पुणे'. माणसाच्या नावापुढे 'यांनी', 'यांचे', 'यांना' घ्या. 'सुनीता पाटील यांचे बिल' यात नावाचे रूप बदलत नाही आणि मानही राखला जातो.

लिंगाचाही तोच घोळ. 'जोडला' हा शब्द कोडमध्ये पक्का केला तर 'पावती जोडला' असे दिसते. फोटो जोडला, पावती जोडली, कागदपत्र जोडले: तिन्ही पूर्ण वाक्ये वेगळी साठवा. मोजणीतही '१ बिल बाकी' आणि '३ बिले बाकी', '१ दिवसापूर्वी' आणि '३ दिवसांपूर्वी' अशी दोन-दोन रूपे लागतात. शून्यासाठी तिसरे वाक्य लिहा: 'एकही बिल बाकी नाही'.

वापरणाऱ्याला सगळीकडे 'तुम्ही' म्हणा. 'आपण' आदराचे आहे खरे, पण 'आपले बिल' म्हणजे तुमचे की आपल्या सगळ्यांचे, अशी शंका येते.

एररचे वाक्य लिहिताना काय बिघडले आणि आता काय करायचे, दोन्ही सांगा. 'अवैध इनपुट' वाचून कोणाला काही कळत नाही. 'मोबाइल नंबर १० आकडी हवा, इथे ९ आकडे आहेत' असे वाचले की माणूस राहिलेला आकडा शोधतो. हे वाक्य त्या रकान्याच्या लगेच खाली हवे. आणि रकान्याचे नाव रकान्याच्या वर कायम दिसू द्या. आत फिकट अक्षरांत लिहिले तर टाइप करायला लागताच ते जाते आणि मधेच फोन आला तर परत आल्यावर काय लिहीत होतो ते आठवत नाही.

७. बटण

बोटासाठी ॲपल ४४ पॉइंट सांगते, गूगलचे मटेरियल ४८ डीपी, आणि डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावे यासाठीचे मानक) ची किमान अट २४ पिक्सेल आहे. फोनवरच्या फॉर्मला ४८ धरा. चिन्ह २४ पिक्सेलचेच दिसू द्या, चारही बाजूंना १२ पॅडिंग द्या. शेजारच्या दोन बटणांत किमान ८ पिक्सेल मोकळे सोडा, विशेषतः 'भरा' आणि 'रद्द करा' यांच्यात.

साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, मोठ्या मजकुराचा ३ : १. आपल्याकडे भगव्या बटणावर पांढरी अक्षरे फार दिसतात. एफएफ९९३३ असा संकेत असलेल्या भगव्यावर पांढऱ्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१ भरतो, उन्हात ते बटण कोरे दिसते. त्याच भगव्यावर काळी अक्षरे ९च्या वर जातात. रंग तोच ठेवा, अक्षरे गडद करा.

बटणात चिन्ह आणि मजकूर शेजारी असतील तर 'मध्यभागी' लावूनही चिन्ह वर किंवा खाली सरकल्यासारखे दिसेल, कारण फॉन्टच्या उंचीत वरच्या वेलांट्यांची आणि खालच्या उकारांची राखीव जागा धरलेली असते. डोळा मात्र शिरोरेघ ते अक्षराचा पाय एवढाच पट्टा पाहतो. चिन्हाचा मध्य त्या पट्ट्याच्या मध्यावर आणा; एक-दोन पिक्सेल सरकवले की पुरते.

कार्डाच्या आत बटण असेल तर कोपऱ्यांची गोलाई जुळवा: बाहेरची गोलाई म्हणजे आतली गोलाई अधिक मधले पॅडिंग. आत ८, पॅडिंग १२, तर बाहेर २०. दोन्हीकडे ८ ठेवले तर कोपऱ्यात फट जाड दिसते.

बटणावर 'सबमिट' लिहू नका, '₹ ४५० भरा' लिहा. दाबल्यावर ते लगेच, शंभर मिलिसेकंदांच्या आत बदललेले दिसावे, मजकूर 'रक्कम पाठवत आहोत…' व्हावा आणि रुंदी तीच राहावी. नेटवर्क मंद असले की माणूस पुन्हा दाबतो आणि पैसे दोनदा जातात. म्हणून बटण बंद करा, शिवाय प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा क्रमांक देऊन सर्व्हरवरही दुसरी मागणी अडवा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, पान पुन्हा उघडता येतेच. मध्येच संपर्क तुटला तर 'काहीतरी चुकले' म्हणू नका. 'पैसे कापले गेले का, ते तपासत आहोत. तोवर पुन्हा भरू नका' असे लिहा. पैशांच्या वेळी माणसाचा जीव टांगणीला लागलेला असतो, तेव्हा हे वाक्य बाकी सगळ्या सजावटीपेक्षा मोलाचे.

८. पावती

इतके सगळे जपून पावतीत गडबड होते, कारण ती पीडीएफ वेगळ्याच लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) बनते. ज्या लायब्ररीला देवनागरीची जुळणी येत नाही ती युनिकोडच्या क्रमाने अक्षरे मांडते: 'किंमत'ची पहिली वेलांटी क नंतर येते, 'श्री'चा श् आणि री सुटे होतात, रफार कुठेतरी तरंगतो. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. सोपा मार्ग म्हणजे पावतीचे साधे एचटीएमएल पान करा आणि सर्व्हरवरच्या ब्राउझरकडूनच त्याची पीडीएफ काढून घ्या. ब्राउझरला जुळणी येते.

पावती झाली की पहिल्या पायरीतली अवघड शब्दांची ओळ त्या पावतीवरही छापून पाहा. मग फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार सर्वांत मोठा करा, चमक निम्मी करा, फोन घेऊन दुपारी गच्चीवर जा आणि एका हाताने, अंगठ्याने, पूर्ण फॉर्म पहिल्या रकान्यापासून पावतीपर्यंत भरा. जिथे अंगठा अडतो किंवा डोळे बारीक करावे लागतात ती जागा लिहून ठेवा. दुरुस्तीची पहिली यादी तीच.